कलम बांधल्यानंतरचे दिवस



येत्या ११ फेब्रुवारीला ख्रिस्तसभा जागतिक रुग्ण दिन पाळते. लूर्दच्या पवित्र मातेच्या स्मरणाचा हा दिवस पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९२ साली रुग्णांसाठी नेमून दिला आणि १९९३ पासून तो जगभर पाळला जाऊ लागला. दरवर्षी या निमित्ताने आम्ही आजारी बांधवांसाठी मिस्सा अर्पण करतो, रुग्णाभ्यंगाचा संस्कार देतो. यंदा मात्र आधी एक कबुली द्यावी असे आम्हांला वाटते.

काही वर्षांपूर्वी आपल्या भागातील एका कुटुंबातील एकोणीस वर्षांच्या मुलाला रक्ताचा कर्करोग झाला. वडील साखर कारखान्यात कामाला, आई घरी शिवणकाम करणारी. मुंबईत केमोथेरपी झाली आणि पुढे धाकट्या बहिणीच्या मूळ पेशी त्याला देण्यात आल्या. चार-साडेचार महिन्यांनी मुलगा गावी परतला. आम्हांला फार आनंद झाला. त्याच रविवारी मिस्सा आटोपून आम्ही अकरा जण जीपने निघालो. हातात निशिगंधाचा हार, पेढे, तासगावची द्राक्षे आणि पवित्र पाण्याची बाटली. त्याच्या आईने दार अर्धेच उघडले. तोंडावर मास्क होता. ती म्हणाली, "फादर, माफ करा. आत कोणालाच घेता येणार नाही. फुलंसुद्धा नकोत." आम्ही उंबऱ्याबाहेरच प्रार्थना केली आणि परत फिरलो. जीपमध्ये कोणीतरी म्हणाले, "धर्मगुरूला दारातून परत पाठवतात काय?" आम्ही त्या बोलणाऱ्याला गप्प केले नाही. खरे सांगायचे तर आमच्याही मनाला ते लागले होते.

दोन आठवड्यांनी रात्री अकराला त्या मुलाच्या वडिलांचा फोन आला. मुलाला १०१ ताप होता आणि गाडी मिळत नव्हती. आम्ही गाडी काढली. मुलाला मागच्या सीटवर घेऊन आई बसली. तिच्या मांडीवर एक पिशवी होती. तीत फाईल, थर्मामीटर, मास्क, औषधांची यादी आणि मुंबईच्या डॉक्टरांचा नंबर लिहिलेला कागद. घरी आल्या दिवसापासून ती पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती. मिरजेच्या वाटेवर ती एवढेच म्हणाली, "ताप आला की सकाळची वाट बघायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय." रुग्णालयात पोहोचताच सलाईनमधून प्रतिजैविके सुरू झाली. तो मुलगा वाचला. आज तो नोकरी करतो आहे.

त्या रात्री परतताना आम्हांला उमगले की त्या दारात खरी सेवा कोण करीत होते. आम्ही हार घेऊन गेलो होतो, आणि ती माउली पहारा देत होती.

खुंट आणि काडी

हा आजार आणि हा उपचार समजून घ्यायला आपल्या सांगलीकरांना फार लांब जायला नको. तासगाव, मिरज, पलूसकडच्या बागायतदारांना विचारा. द्राक्षबाग लावताना आधी जमिनीत डॉगरीजचा खुंट लावतात. तो खारे पाणी आणि दुष्काळ सोसतो. पावसाळा ओसरताना त्या खुंटावर हव्या त्या जातीची काडी पाचर मारून बसवतात आणि पट्टीने घट्ट बांधतात. हुशार कारागीर एका दिवसात अशी कितीतरी कलमे बांधतो. पण कलम बांधले म्हणजे बाग झाली असे कोणीही म्हणत नाही. पुढचे कित्येक दिवस बागायतदार रोज जाऊन पाहतो. काडी सुकली का? डोळा फुगला का? खुंटाचेच फुटवे वर येऊन काडीला मारत तर नाहीत? डोळा फुटून कोवळी पालवी आली की तो म्हणतो, "कलम लागलं."

मूळ पेशींच्या प्रत्यारोपणाची गोष्टही अशीच आहे. आपले सगळे रक्त हाडांच्या पोकळीतल्या मज्जेत तयार होते. तांबड्या पेशी प्राणवायू वाहतात, पांढऱ्या पेशी जंतूंशी लढतात, आणि प्लेटलेट रक्तस्राव थांबवतात. या सर्वांची आई म्हणजे मूळ पेशी. रक्ताच्या कर्करोगात या कारखान्यातच बिघाड होतो. अशा काही रुग्णांना जोरदार केमोथेरपी, कधी किरणोपचारही देऊन आजारी मज्जा साफ करतात आणि मग निरोगी मूळ पेशी शिरेवाटे देतात. मायलोमा आणि काही लिम्फोमा या आजारांत बहुधा रुग्णाच्याच पेशी आधी काढून, गोठवून ठेवून परत देतात. ल्युकेमियात बहुधा भावंडाच्या, नात्यातल्या किंवा अनोळखी दात्याच्या पेशी लागतात.

प्रत्यक्ष प्रत्यारोपण पाहणाऱ्याला ते फार साधे वाटते. रक्ताच्या पिशवीसारखीच एक पिशवी, एक नळी, आणि थेंब थेंब उतरणाऱ्या पेशी. कापाकापी नाही, टाके नाहीत. त्या पेशी रक्तातून फिरत फिरत आपली जागा स्वतःच शोधतात आणि हाडांच्या पोकळीत जाऊन वसतात. या दिवसाला रुग्णालयात 'शून्य दिवस' म्हणतात आणि पुढचे दिवस एक, दोन, तीन असे मोजतात. नव्या पेशी रुजायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. तोवर जुनी मज्जा गेलेली असते आणि नवी आलेली नसते. पांढऱ्या पेशी जवळजवळ शून्यावर येतात. आपल्या तोंडात, त्वचेवर, आतड्यात एरवी निमूट राहणारे जंतूही या दिवसांत जीवघेणे ठरतात.

आपल्या देशात हे काम पहिल्यांदा यशस्वी झाले ते आपल्याच महाराष्ट्रात. १९८३ च्या मार्च महिन्यात मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ल्युकेमिया झालेल्या नऊ वर्षांच्या एका मुलीला तिच्या भावाची मज्जा दिली. डॉ. अडवाणी स्वतः लहानपणी पोलिओ झाल्याने चाकाच्या खुर्चीतून काम करीत आले. त्यांनी ही विद्या अमेरिकेत सिॲटल येथे डॉ. डोनॉल थॉमस यांच्याकडे पाहिली होती. थॉमस यांना १९९० साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या पत्नी डॉटी यांनी पत्रकारितेचे शिक्षण सोडून प्रयोगशाळेत त्यांच्यासोबत जन्मभर काम केले. १९५० च्या दशकात त्यांनी सुरुवात केली तेव्हा बहुतेक रुग्ण वाचत नसत. अनेक डॉक्टरांनी हा मार्ग सोडूनही दिला.

मग बदल कशाने झाला? पेशी जुळवण्याची विद्या सुधारली हे खरेच. पण त्याच्या जोडीला चांगली प्रतिजैविके आली, प्लेटलेट वेगळ्या काढून देता येऊ लागल्या, हवा गाळणाऱ्या खोल्या आल्या, परक्या पेशी आणि शरीर यांच्यातले भांडण शांत करणारी औषधे आली, आणि परिचारिकांनी हात धुण्यापासून तोंड स्वच्छ ठेवण्यापर्यंतची शिस्त घालून दिली. कलम बांधण्याइतकेच महत्त्व कलम जगवण्याला आले, तेव्हाच माणसे वाचू लागली.

उतारशाळेचा रक्षक

संत लूकच्या शुभवर्तमानातील दयाळू शोमरोनी आपल्या सर्वांना पाठ आहे. त्याने जखमी माणसाच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, त्याला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले आणि रात्रभर त्याची काळजी घेतली. आम्ही किती वेळा त्याच्यावर प्रवचन दिले असेल! पण त्या कथेत आणखी एक माणूस आहे, आणि त्याच्यावर आम्ही एकदाही बोललो नव्हतो. तो म्हणजे उतारशाळेचा रक्षक.

दुसऱ्या दिवशी शोमरोनी दोन दिनार देऊन पुढे गेला. मागे राहिला तो रक्षक. जखमा धुणे, पेज भरवणे, अंथरूण बदलणे, रात्री कण्हणे ऐकून उठणे हे सगळे त्याच्या वाट्याला आले. दोन दिनार म्हणजे दोन दिवसांची मजुरी. त्यापुढचे किती दिवस त्याने सेवा केली, हे शुभवर्तमान सांगत नाही. त्याचे नाव नाही, त्याचा एक शब्दही नाही. पण तो झोपला असता तर शोमरोन्याची सारी दया वाया गेली असती.

प्रत्यारोपणाच्या रुग्णाची आई, पत्नी, भाऊ, वॉर्डातली सिस्टर, रक्तपेढीतला तंत्रज्ञ हे सगळे उतारशाळेचे रक्षक आहेत. ते काय काय करतात हे आपण नीट जाणून घेतले पाहिजे, म्हणजे आपल्या हातून आमच्यासारखी चूक होणार नाही.

पहिली गोष्ट तापाची. अशा रुग्णाला १०० अंश फॅरनहाइटच्या वर, १००.४ पर्यंत ताप गेला की ती तातडीची वेळ समजतात. घरातली तापाची गोळी देऊन वाट पाहायची नाही. गोळीने ताप उतरतो, जंतू उतरत नाहीत. डॉक्टरांना लगेच कळवायचे आणि रुग्णालय गाठायचे.

दुसरी गोष्ट तोंडाची. केमोथेरपीने तोंडाची आणि घशाची आतली त्वचा सोलवटते. थुंकी गिळणेही कठीण होते. काही औषधे देताना रुग्णाला बर्फाचे तुकडे चघळायला देतात. त्याने तोंडाच्या रक्तवाहिन्या आकसतात, औषध तिथे कमी पोहोचते आणि फोड कमी येतात. इतका साधा उपाय! नोबेल पारितोषिकाच्या उपचारात बर्फाच्या तुकड्यालाही मान आहे.

तिसरी गोष्ट अन्नाची. ताजे, पूर्ण शिजलेले, गरम अन्न आणि उकळलेले पाणी. कच्ची कोशिंबीर, बाहेरची चटणी, उसाचा रस, उघड्यावरचे पेढे चालत नाहीत. आम्ही नेलेली द्राक्षे सोलता येत नाहीत, म्हणून तीही बाद. पपनस तर मुळीच नको, कारण त्यातले घटक प्रत्यारोपणानंतरच्या काही औषधांचे रक्तातले प्रमाण वाढवतात. काढे आणि झाडपाल्याची औषधे डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नयेत, मग ती कितीही मायेने आणलेली असोत.

चौथी गोष्ट हवेची. फुले, फुलदाणीतले पाणी, कुंडीतली माती, शेणखत, धान्याची आणि बांधकामाची धूळ यांत बुरशीचे बीजाणू असतात. तुम्हा-आम्हांला ते काही करीत नाहीत. त्या रुग्णाच्या फुफ्फुसात मात्र ते रुजतात. त्या माउलीने आमचा हार का नाकारला, हे आम्हांला तेव्हा कळले.

पाचवी गोष्ट काळाची. दात्याच्या पेशी कधी कधी रुग्णाच्या शरीरालाच परके समजून त्यावर उठतात. त्वचेवर पुरळ येते, जुलाब होतात, कावीळ होते. ते आवरण्यासाठी दिलेल्या औषधांनी प्रतिकारशक्ती दबलेली राहते. म्हणून शंभराव्या दिवसापर्यंत फार जपतात आणि त्यानंतरही अनेक महिने सावध राहतात. घरी आलेला रुग्ण बरा झालेला दिसतो, केस परत येऊ लागतात, आणि लोक म्हणतात, "आता कसली भीती?" भीती अजून असते, पाहुणे मात्र वाढलेले असतात.

पुन्हा जन्म

एक गोष्ट आम्हांला फार विचार करायला लावते. दुसऱ्याच्या मूळ पेशी रुजल्यावर रुग्णाच्या शरीरात दात्याचे रक्त तयार होऊ लागते. दात्याचा रक्तगट वेगळा असेल तर काही महिन्यांत रुग्णाचा रक्तगटही बदलतो. लहानपणी घेतलेल्या लसींची आठवण पुसली जाते, म्हणून चाळिशीच्या माणसालाही बाळासारख्या लसी नव्याने टोचून घ्याव्या लागतात. जिवंत जंतूंच्या लसी तर दोन वर्षे तरी थांबवून ठेवतात. निकदेमस रात्री प्रभूकडे आला आणि म्हातारा माणूस पुन्हा कसा जन्मेल म्हणून कोड्यात पडला. आज त्याला आम्ही या वॉर्डात नेऊन दाखवले असते. इथे माणूस दुसऱ्याच्या रक्ताने पुन्हा जन्मतो. आपण दर रविवारी वेदीभोवती जमून जे मानतो, त्याची एक सावली रक्तमांसात इथे दिसते. आपल्यापैकी कोणीही केवळ स्वतःच्या रक्तावर जगत नाही.

पुण्याच्या सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना गाब्रिएल मार्सेल या फ्रेंच विचारवंताचा एक भेद आम्ही परीक्षेसाठी पाठ केला होता, समस्या आणि रहस्य यांतला. समस्या माझ्यासमोर असते, मी ती बाहेरून सोडवतो. रहस्यात मी स्वतः गुंतलेला असतो, त्याच्या बाहेर मला उभेच राहता येत नाही. पहिल्या महायुद्धात मार्सेल रेड क्रॉससाठी बेपत्ता सैनिकांची चौकशी करणाऱ्या कचेरीत होते. प्रत्येक सैनिकाचे एक कार्ड असे. नातेवाईक समोर येऊन बसले की त्या कार्डाचा माणूस होई. साताऱ्याच्या सैनिकी गावांना हे वेगळे सांगायला नको. रुग्णालयात पेशींचे आकडे ही समस्या आहे, आणि ती सोडवणाऱ्या डॉक्टरांसाठी आम्ही देवाचे आभार मानतो. पण रोज सकाळी आकड्याची वाट पाहत बसलेली आई हे रहस्य आहे. तिच्या शेजारी बसायला विद्वत्ता लागत नाही, वेळ लागतो.

आपण काय करावे

आता धर्मग्राम म्हणून आपल्या वाट्याचे काम. काही गोष्टी आम्ही स्पष्ट सांगतो.

रक्तदान करा. या रुग्णांना आठवडेच्या आठवडे रक्त आणि प्लेटलेट लागतात. प्लेटलेट पाचच दिवस टिकतात, म्हणून त्यांचा साठा करून ठेवता येत नाही, ताजा दाता लागतो. एकाच दात्याकडून यंत्राने प्लेटलेट घेतात तेव्हा बाकीचे रक्त त्याला परत मिळते. साधारण दीड-दोन तास बसावे लागते, इतकेच. मात्र एक लक्षात ठेवा. ज्याचे प्रत्यारोपण होण्याची शक्यता आहे, त्याला सख्ख्या नातेवाइकांनी आपले रक्त देऊ नये. त्याने पुढे त्यांच्याच पेशी नाकारल्या जाण्याचा धोका वाढतो. म्हणजे इथे रक्ताच्या नात्यापेक्षा शेजाऱ्याचे रक्त उपयोगी पडते! शोमरोन्याची कथा आणखी कोणत्या शब्दांत सांगावी?

तरुणांनो, मूळ पेशींचे दाते म्हणून नाव नोंदवा. सख्ख्या भावंडांपैकी प्रत्येकाची पूर्ण जुळणी होण्याची शक्यता चारांत एक असते. आताशा अर्ध्या जुळणीवरही प्रत्यारोपण होते, तरी पुष्कळांना अनोळखी दाता शोधावाच लागतो, आणि जुळणारा दाता बहुधा आपल्यासारख्याच लोकांत सापडतो. २००९ साली सुरू झालेल्या 'दात्री' सारख्या नोंदणी संस्था आपल्या देशात आहेत. नोंदणीसाठी गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवून घेतात. पुढे जुळणी झालीच तर बहुतेक वेळा चार-पाच दिवस इंजेक्शने देऊन दंडाच्या शिरेतून पेशी गोळा करतात. कधी भूल देऊन कमरेच्या हाडातून मज्जा घेतात. मणक्याला हात लावत नाहीत, अपंगत्व येत नाही, आणि दिलेल्या पेशी दात्याच्या शरीरात काही आठवड्यांत भरून येतात. मात्र नाव नोंदवायचे ते विचार करून. तिकडे रुग्णाची जुनी मज्जा साफ झालेली असताना इकडे दात्याने माघार घेतली तर त्या रुग्णाचा जीव जातो.

कुटुंबाचा भार वाटून घ्या. कोयना किंवा महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबईला जाणारे आई-बाप तिथे महिनोन्‌महिने अडकतात. राहायचे कुठे हा पहिला प्रश्न. दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा कर्करोगाच्या रुग्णांना आसरा देत आली आहे. लहान मुलांसाठी २००६ साली मुंबईत सुरू झालेली सेंट ज्यूड्सची केंद्रे कुटुंबाला विनामूल्य राहायला जागा देतात. रेल्वेत कर्करोगाच्या रुग्णांना भाडे-सवलत आहे. सरकारी योजना आणि विश्वस्त निधी यांची माहिती रुग्णालयातील समाजसेवा विभागात मिळते, तिथे संकोच न करता विचारावे. पण मागे गावात म्हातारी आजी आहे, शाळेत जाणारी धाकटी बहीण आहे, म्हैस आहे, बागेची फवारणी आहे. ते तर आपणच पाहू शकतो. आठवड्याचे वार वाटून घ्या. आणि बातमी विचारायला चाळीस जणांनी फोन करू नयेत. कुटुंबाने एकाला सांगावे, त्याने बाकीच्यांना सांगावे.

भेटायला जाताना आधी विचारा. सर्दी-खोकला असेल तर जाऊ नका. कांजिण्या झालेल्या मुलाच्या घरातून तर मुळीच नको. दारातून परत पाठवले तर त्या घराला आशीर्वाद द्या.

संस्कारांविषयीही बोलतो, कारण इथे आम्हां धर्मगुरूंनीच शहाणपण शिकायला हवे. रुग्णाभ्यंग शक्यतो रुग्ण मुंबईला निघण्याआधीच द्यावा. वॉर्डात देण्याची वेळ आली तर डॉक्टरांच्या परवानगीने, हात धुऊन, मास्क लावून. गंभीर कारण असेल तेव्हा धर्मगुरूने हाताऐवजी साधन वापरून तेल लावण्यास ख्रिस्तसभेच्या कायद्याचा नियम १००० परवानगी देतो, म्हणजे निर्जंतुक कापूसही चालतो. रुग्णाला आणि त्याची सेवा करणाऱ्यांनाही ख्रिस्तशरीर घेण्यापूर्वीच्या तासाभराच्या उपवासाची अट नाही, हे नियम ९१९ सांगतो. सोललेल्या घशातून भाकरीचा कणही उतरत नसेल तर नियम ९२५ प्रमाणे केवळ द्राक्षारसाच्या रूपातही कम्युनियन देता येते. तेही शक्य नसेल तेव्हा मनोमन केलेले कम्युनियन देव स्वीकारतो. पवित्र पाणी शिंपडू नये, धूप जाळू नये, अनेकांनी चुंबिलेला क्रूस रुग्णाच्या ओठांना लावू नये. यात श्रद्धा कमी होत नाही. जो देव हातात तेल घेऊन येतो, तोच हात धुवायलाही सांगतो.

जेव्हा कलम लागत नाही

शेवटी कठीण गोष्ट. सगळी कलमे लागत नाहीत. सातारा जिल्ह्यातील एक भगिनी याच उपचारात देवाघरी गेली. अडतीस वर्षांची होती. तिच्या भावाच्या पेशी रुजल्या होत्या, पण आजार उलटला. तिच्या दफनविधीनंतर तिच्या पतीने आम्हांला विचारले, "फादर, आमची प्रार्थना कमी पडली का?"

आम्ही त्याला नाही म्हणालो, आणि आजही नाहीच म्हणतो. जन्मांधाला पाहून शिष्यांनी पाप कोणाचे असे विचारले, तेव्हा प्रभूने तो हिशेबच मोडीत काढला. आजार हा शाप नाही आणि मरण ही प्रार्थनेच्या परीक्षेतली नापासी नाही. 'औषध सोडा, फक्त विश्वास ठेवा' असे सांगत फिरणाऱ्यांपासून सावध राहा. देव डॉक्टरांचा प्रतिस्पर्धी नाही.

संत कार्लो अकुतिस हा पंधरा वर्षांचा मुलगा २००६ साली इटलीत रक्ताच्या कर्करोगानेच गेला, निदान झाल्यावर अवघ्या काही दिवसांत. त्याने आपल्या वेदना पोपसाठी आणि ख्रिस्तसभेसाठी अर्पण केल्या. ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी त्याला संतपद दिले. त्याला झालेल्या प्रकाराचे बहुतेक रुग्ण आज वेळेत उपचार मिळाल्यास बरे होतात, तेही बहुधा प्रत्यारोपणाशिवाय. कार्लो बरा झाला नाही. तरी त्याची प्रार्थना कमी पडली असे कोण म्हणेल?

त्या पतीला आम्ही पुढे एक गोष्ट विचारली होती. शेवटच्या आठवड्यात तिला काय हवे होते? तो म्हणाला, "तोंड कोरडं पडायचं. मी ओला कापूस ओठांना लावायचो. तेवढंच तिला बरं वाटायचं." बंधू-भगिनींनो, क्रूसावर प्रभूलाही तहान लागली होती, आणि कोणीतरी ओला स्पंज त्याच्या ओठांशी नेला होता. त्या पतीने ते काम सात दिवस केले. बरे करणे संपते तिथे सेवा संपत नाही. वेदना शमवणे, तोंड ओले ठेवणे, हात धरून बसणे हेही उपचारच आहेत.

आपल्या या दोन जिल्ह्यांना हे नवीन नाही. मिरजेत १८९४ साली डॉ. वानलेस यांनी सुरू केलेल्या मिशन रुग्णालयाने कितीतरी पिढ्या सांभाळल्या. पाचगणीच्या डोंगरावर बेल एअरमध्ये आधी क्षयरोग्यांची आणि नंतर एच.आय.व्ही.ग्रस्तांची सेवा झाली, जेव्हा त्यांना स्पर्श करायलाही लोक भीत. ती परंपरा आता आपल्या घराघरांत यावी.

आज मिस्सानंतर दाराशी दोन वह्या ठेवल्या आहेत. एकीत प्लेटलेट आणि रक्त देऊ इच्छिणाऱ्यांनी आपले नाव, रक्तगट आणि फोन लिहावा. दुसरीत ज्यांना वार वाटून घ्यायचे आहेत त्यांनी लिहावे. पहिल्या वहीत पहिले नाव आम्ही आमचे लिहिले आहे.

आपण प्रार्थना करू या. हे प्रभू येशू, खऱ्या द्राक्षवेला, जे आज गाळलेल्या हवेच्या खोलीत एकटे आहेत त्यांच्यात तू राहा. नव्या पेशी रुजू देत. जे दारात पहारा देतात त्यांना झोप आणि धीर दे. जे रक्त देतात त्यांचे भले कर. ज्यांचे कलम लागले नाही त्यांना तुझ्या बागेत घे. आणि आम्हांला उतारशाळेचे रक्षक कर, तू परत येईपर्यंत जागे राहणारे. आमेन.

ख्रिस्तामध्ये आपले,
धर्मगुरू